ओळखीचा दाखला

खारदेवळी या गावी अनोळखी माणूस उपलब्ध नाही, असा लेखी अहवाल शाळेच्या नम्रता बाईंनी पाठवला, तेव्हा त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. तालुक्याच्या 'बालदक्षता व अनोळखी नियंत्रण कक्षा'चं परिपत्रक आलं होतं. पहिली ते चौथीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास अनोळखी व्यक्तीपासून सावध राहण्याचे प्रशिक्षण द्यावे, त्यासाठी किमान एक अनोळखी व्यक्ती स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावी, आणि सदर व्यक्तीसह विद्यार्थ्यांचे छायाचित्र पाठवावे, असं त्यात म्हटलं होतं. आता खारदेवळी म्हणजे गडबच्या पुढे हायवे सोडून खाडीकडे उतरलं की लागणारं पाऊणशे उंबऱ्यांचं गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि मधल्या जागेत सगळे एकमेकांचे मामा, साडू आणि व्याही. रस्ता चुकलेल्या ट्रकवाल्यालाही इथे आधी चहा पाजतात आणि मग त्याच्या गावात आपली कोणती पोर दिलीय ते शोधून काढतात.

नम्रता बाई स्वतः मूळच्या परक्या. रोज रोह्यापलीकडच्या अष्टमीहून एसटीने गडबला यायचं आणि तिथून सहा सीटच्या मिनिडोर रिक्षात सातवी सवारी म्हणून अर्धं अंग बाहेर काढून गावात पोचायचं, हे नऊ वर्षं चाललेलं. पहिल्या वर्षी त्या अनोळखी म्हणून खपल्या असत्या. आता पोरं त्यांच्या डब्यातली भाजी वासावरून सांगत. बदलीचा अर्ज त्यांनी तिसऱ्यांदा भरला होता. अर्ज ऑनलाइन होता. पण ऑनलाइन अर्जालाही शाळा समितीच्या अध्यक्षांचं ना हरकत पत्र कागदावर लागतं, आणि ते पत्र दोन वर्षं अध्यक्षांच्या खिशात होतं.

अहवालाला कक्षाचं उत्तर तातडीने आलं. अनोळखी व्यक्ती उपलब्ध नसणे हा शाळेचा हलगर्जीपणा समजण्यात येईल. तथापि, विशेष बाब म्हणून अनोळखी व्यक्तीची प्रतिकृती तयार करून घेण्यास मान्यता देण्यात येत आहे. प्रतिकृती पर्यावरणपूरक असावी.

प्रतिकृती म्हटल्यावर पेण तालुक्यातला माणूस दुसरीकडे कुठे जाणार? बाई हमरापूरला गेल्या. तिथे गोविंदा नावाचा मूर्तिकार होता, तीस वर्षं गणपतीचे डोळे रेखणारा. बाईंनी परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा तो हातातला ब्रश पाण्यात बुडवून बराच वेळ ढवळत बसला.

"आमच्याकडं साचं हायेत ते देवाचं, बाई. चोराचा साचा कोन ठेवतो?"

"चोर नाही, गोविंदा. अनोळखी. संशयास्पद दिसला पाहिजे."

"शाडूचा का प्लास्टरचा?"

"पर्यावरणपूरक म्हटलंय."

"मंग शाडूचा," गोविंदा म्हणाला. "इसर्जन कराल तवा इरघळंल तरी."

पंधरा दिवसांत चार फुटी अनोळखी तयार झाला. टेम्पोतून उतरवायला चार ओळखीची माणसं लागली. पोट सपाट करता करता थोडं राहिलंच होतं. उजवा हात आशीर्वादाचा होता तो गोविंदाने मोडून खाली वळवला होता. पण डोळ्यांना काय करणार? ते आयुष्यभर ज्या हाताने रेखले त्याच हाताने रेखलेले. तो अनोळखी समोरच्याकडे असा मायेने बघत होता की टेम्पोवाल्याने निघताना नकळत हात जोडले.

"हा हसतोय," बाई फोनवर म्हणाल्या.

"नाय हसवला तं हात थरथरतो, बाई," गोविंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अनोळखीच्या पायाशी जास्वंद होती. मंगळवारी नारळ आला. शुक्रवारी तिसरीच्या वर्गाने त्याच्यापुढे टाळ्यांवर आरती धरली, बाकी शाळा मागे उभी राहिली, आणि कक्षाकडे जे छायाचित्र गेलं त्यात एकतीस विद्यार्थी डोळे मिटून, हात जोडून अनोळखी व्यक्तीपासून सावध राहत होते.

कक्षाधिकारी प्रवीण ठाकूर स्वतः जीपने आले. इस्त्रीचा शर्ट आणि पाठांतर, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे कडक होत्या. मूर्तीभोवती त्यांनी एक फेरी मारली. त्यांच्याही नकळत ती उजवीकडूनच झाली.

"याला काळा चष्मा लावा," ते म्हणाले. "दाढी चिकटवा. खांद्यावर गोणपाटाची पिशवी द्या. अनोळखी माणूस असाच असतो."

"साहेब, तुम्ही पाहिलाय?"

"परिपत्रकाच्या पहिल्या पानावर चित्र आहे, मॅडम."

चष्मा, दाढी आणि गोणी चढली आणि प्रशिक्षण सुरळीत सुरू झालं. पद्धत तीन पायऱ्यांची होती. पहिली: हात ताठ पुढे. दुसरी: मोठ्याने 'नाही'. तिसरी: धावत जाऊन आपल्या विश्वासातल्या माणसाला बिलगणे. पोरांना ही कवायत फार आवडली, कारण तिच्यात ओरडायला आणि पळायला सरकारी परवानगी होती. आठवडाभरात सबंध शाळा तयार झाली. पोस्टमन शिवा उन्हासाठी काळा चष्मा लावून आणि खांद्याला झोळी अडकवून मोटारसायकलवरून आला, तर एकतीस हात पुढे झाले, एकतीस 'नाही' घुमले आणि शिवा गाडी वळवून थेट गडबला गेला. त्याच्या झोळीत कक्षाचंच चौथं परिपत्रक होतं. ते शाळेला पोचलं असं गृहीत धरण्यात आलं.

शिवाचं सोडा, तो सरकारी नोकर, त्याला अपमानाची सवय. खरी पंचाईत धोंडुबाईची झाली.

धोंडुबाई ही दुसरीतल्या भाविकाची आजी. पोरीचा बाप रोह्याला कंपनीत शिफ्टवर, आई हमरापूरला कारखान्यात मूर्तींना रंग द्यायला. दोघं दिवेलागणीला घरी येत. त्यामुळे शाळा सुटली की भाविकाला न्यायला आजी यायची. जन्म मिठागरात गेलेली बाई. महिन्यापूर्वी पेणच्या शिबिरात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, तो काढायचा नाही म्हणून बजावून. येताना वाटेतलं सरपण गोळा करून ती गोणीत भरी आणि गोण खांद्यावर टाकी. दाढी सोडली तर धोंडुबाई परिपत्रकाबरहुकूम होती.

ती फाटकात उभी राहिली आणि तीस हात ताठ पुढे झाले. भाविका तेवढी धावत गेली आणि तिच्या लुगड्याला बिलगली.

"बाई," पहिलीतलं एक चिमुरडं ओरडलं, "भाविका अनोळखीबरोबर चालली."

बाई हसल्या. त्यांनी ही गंमत म्हणून मासिक अहवालात लिहिली, ही त्यांची दुसरी चूक. सरकारी रकान्यात गंमत लिहिणाऱ्याचं कधी भलं झालेलं नाही.

पाचवं परिपत्रक आलं. अनोळखी कोण हे ठरले, परंतु ओळखीचा कोण हे निश्चित न झाल्याने संभ्रम उद्भवत आहे. सबब यापुढे आठ वर्षांखालील विद्यार्थी पालकांखेरीज केवळ 'ओळखीचा दाखला' धारण करणाऱ्या व्यक्तीच्याच ताब्यात देण्यात यावा. दाखल्यासाठी आधारशी जुळणारा अंगठा, चष्म्याविना दोन फोटो, गावातील प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस, आणि 'अर्जदारास आम्ही लहानपणापासून ओळखतो' अशा पाच ग्रामस्थांच्या सह्या.

दाखला क्रमांक एक हिरामणशेठना मिळाला. तो त्यांना मिळाला नसता तरच नवल. हिरामणशेठ म्हणजे भाताची गिरण, माजी सरपंच, देवळाच्या जीर्णोद्धाराची पाटी आणि शाळा समितीचं अध्यक्षपद. साठीचे, पांढऱ्या कपड्यातले, खिशात कायम चॉकलेटं. पोर दिसलं की मांडीवर ओढणार, गालाला हात लावणार, "शेठकाकाला पापा दे" म्हणणार, आणि आजूबाजूची मोठी माणसं कौतुकाने "दे गो, दे" म्हणणार. प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस या रकान्यात त्यांनी स्वतःचीच सही केली, कारण गावात दुसरी प्रतिष्ठित व्यक्ती असल्याची नोंद नव्हती. सह्यांना तर रांग लागली. "शेठला वळखत नाय असा हाय कोन गावात?" म्हणत लोक सह्या करत होते. पाचवी सही शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गिरजाबाईची. तिने पेन हातात घेऊन क्षणभर कागदाकडे पाहिलं, मग सही केली आणि पेन पदराला पुसून परत दिलं.

धोंडुबाईचा अर्ज पंचायतीच्या मशीनवर अडला. ऑपरेटरने तिचा अंगठा सात वेळा टेकवला. लिंबू चोळून बघितलं, तेल लावून बघितलं, डाव्या हाताचा घेऊन बघितला. चाळीस वर्षं मीठ ओढलेल्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती.

"आजी, तुम्ही कोण आहात ते मशीनला कळत नाही," ऑपरेटर म्हणाला. तो वाईट नव्हता, त्याला फक्त पुढचं बटण दिसत नव्हतं.

"मशीनला कलून काय करायचा हाय? माज्या पोरीला ठावं हाय ना."

"पोरीचा जबाब ग्राह्य नाही. ती आठ वर्षांखालची आहे. आणि चष्मा काढा, फोटो हवाय."

"डाक्टर बोललाय काढू नको. डोला जाईल."

ऑपरेटरने नियमाप्रमाणे शेरा टाकला: अर्जदाराची ओळख पटत नाही, सबब अनोळखी. कागदाची एक प्रत धोंडुबाईला दिली आणि पोच म्हणून तिचा अंगठा मागितला.

नियम एक तारखेपासून लागू झाला. ज्यांच्या घरचं कोणी दाखलेवालं नव्हतं अशा सात पोरांची जबाबदारी हिरामणशेठनी सेवाभावाने उचलली. त्यांची पांढरी व्हॅन होती, आणि ती ते स्वतः चालवत. पोरांच्या बाबतीत ड्रायव्हरवर विश्वास टाकता येत नाही, असं ते म्हणाले आणि पालकांना भरून आलं. सातांपैकी भाविकाचं घर सर्वांत लांब, मिठागराच्या बांधाशी. ती शेवटी उतरणार होती.

पहिल्या दिवशी शेठनी काच खाली केली. "भाविकाला पुढं बसवा, बाई. तिला खाडी दाखवत नेतो."

"बाई, मना मागं बसवा," भाविका म्हणाली.

बाईंनी तिला मागे बसवलं आणि त्यात आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी भाविकाच्या दप्तरात चॉकलेटं सापडली, न फोडलेली, पाच. "खात का नाहीस गो?" विचारलं तर तिने दप्तराचा बंद चघळायला घेतला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि भाविका सापडेना. शेठ हॉर्न वाजवत होते. अर्ध्या तासाने ती खिचडीच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांमागे मिळाली, गुडघ्यात डोकं घालून. बाईंनी तिला हात लावला तर अंग काठीसारखं ताठ.

"शेठ, तिला ताप आहे," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "मी सोडते." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आवाज उगाच मोठा निघाला. व्हॅन गेली. गिरजाबाई टोप घासत होती. तिने मान वर केली नाही.

"गिरजाबाई, काय आहे हे?"

"काय असायचा हाय."

"मला सांग."

"माझी मोठी पोर साताठ वर्षांची व्हती तवापासून बांधावरनं घरी यायची," गिरजाबाई टोपाशी बोलत म्हणाली. "गिरणीवरनं सरल वाट हाय, तरी. चिखल तुडवीत. मी पन पोर असताना बांधावरनंच जायची. तवा गिरनीवर यो नवा बसाय लागलेला. आमच्या गावान पोरी बांधावरनं जातात, बाई. तुमी नऊ वर्सं बघता ना, पाय भरवून येतात त्या? कधी इचारलात का?"

बाईंनी विचारलं होतं. स्वच्छतेच्या तासाला, पाय धुऊन या म्हणून रागावताना. ते आठवून त्यांना स्वतःचीच किळस आली.

"आणि तू सही केलीस त्याच्या दाखल्यावर."

"फार्मावर काय लिवलेला? वलखता का. वलखते ना, चांगला वलखते. मानूस बरा हाय का, असा रकाना व्हता कुठं?"

बाईंनी तिथेच अर्जाचा नमुना उघडून पाहिला. रकाना नव्हता.

"कुणाला सांगितलं नाहीस कधी?"

"कोनाला सांगू? सगल्यांना ठावं हाय." गिरजाबाईने टोप उपडा घातला. "आनि तुमी तरी कोनाला सांगनार? तुमचा कागद त्याच्याच खिशान हाय."

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळे बाईंना राग आला. गिरजाबाईचा आला, कारण ती समोर होती. नऊ वर्षांचा प्रवास, घरी सासूचं पथ्यपाणी, मिनिडोरच्या दांड्याला लटकून दुखावलेला खांदा आणि रोह्याच्या शाळेतली रिकामी जागा, हे सगळं त्या खिशात चॉकलेटांशेजारी घडी घालून ठेवलेलं होतं. म्हणून नम्रता बाईंनी जे केलं ते शिकल्यासवरल्या माणसाचं काम होतं. त्यांनी कक्षाला विनंती अर्ज केला. कारण लिहिलं नाही. 'काही स्थानिक अडचणींस्तव' भाविकाला आजीच्या ताब्यात देण्याची परवानगी मिळावी, एवढंच. उत्तर आलं: सदर आजीचे अनोळखीपण मशीनद्वारे सिद्ध झालेले आहे. अशा व्यक्तीच्या ताब्यात बालिका दिल्यास शिक्षिका जबाबदार राहतील.

मग त्यांनी चोरून सुरू केलं. 'कवायतीचा जादा तास' म्हणून भाविकाला थांबवायचं, व्हॅन गेली की तिला घेऊन मागच्या वाटेने निघायचं, आणि बांधाच्या वळणावर, जिथे गावातून दिसत नाही तिथे, धोंडुबाईच्या हाती द्यायचं. आजीच्या ताब्यात नात देताना बाई मागेपुढे बघत, दारूचा कॅन देणारे बघतात तसं. धोंडुबाई काही विचारत नसे. गोण खाली ठेवी, पोरीला गोणीवर बसवून तिचे पाय पुसी आणि निघे. सहा दिवस हे चाललं. सातव्या दिवशी शेठ शाळेच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई, नियम तोडताय तुम्ही," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "पोरगी दाखला नसलेल्या बाईकडं देता. उद्या काही झालं तर? मी कक्षाला कळवणार नाही हो. आपली माणसं आपणच सांभाळायची." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "तुमचं पत्र तयार आहे. कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवरच देतो, सगळ्यांसमोर. आणि त्या दिवसापासून पोरगी व्हॅनमध्ये, काय?"

बाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या खडूचे तुकडे डबीत भरत राहिल्या.

कार्यक्रम मोठा होता. खारदेवळी हे तालुक्यातलं पहिलं 'अनोळखीमुक्त गाव' ठरलं होतं. शाळेच्या अंगणात मांडव, मांडवाला दोरी. दोरीच्या आत फक्त पालक आणि दाखलेधारक, प्रत्येकाच्या गळ्यात दाखला लटकलेला. दोरीच्या बाहेर उन्हात उरलेले: दोन भंगारवाले, पोस्टमन शिवा, आणि काळा चष्मा लावून, गोण खांद्यावर घेऊन धोंडुबाई. स्टेजवर मध्ये हिरामणशेठ प्रमुख पाहुणे, बाजूला ठाकूरसाहेब हातात मूल्यांकनाचा तक्ता घेऊन, आणि कडेला शाडूचा अनोळखी. त्याला कुणीतरी सवयीने हार घातला होता, तो साहेबांनी काढायला लावला.

आधी प्रात्यक्षिक झालं. एकतीस पोरं एकेक करून शाडूच्या पुतळ्यासमोर आली, हात पुढे केला, ओरडली आणि पळाली. पुतळ्याने कुणालाही काही केलं नाही. साहेबांनी एकतीस वेळा 'उत्तीर्ण' लिहिलं. भाविकाचाही हात वर झाला, पण तिचा आवाज निघाला नाही. साहेबांनी मोठ्या मनाने अर्धा गुणही कापला नाही.

मग प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते चॉकलेटवाटप. पोरांनी रांगेने यायचं, शेठकाकांच्या पाया पडायचं, पापा द्यायचा, चॉकलेट घ्यायचं. मोबाईल वर झाले. सव्वीस पोरं झाली. सत्ताविसावी भाविका.

ती शेठसमोर आली आणि थांबली. शेठनी हात पसरले. भाविकाने उजवा हात कोपरात न वाकवता, तळवा समोर करून, शिकवला होता तस्सा ताठ पुढे केला.

मांडवात खसखस पिकली.

"लाजते," शेठ म्हणाले आणि पुढे वाकले.

"जा गो," पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मग दुसरीतून. मग सगळा मांडव एका सुरात, लग्नात म्हणतात तसा, कौतुकाने आणि थोडा दरडावून: "जा गो, पाया पड. काका हायेत आपलं. जा गो, पाया पड." त्या बायकांतल्या निम्म्या लहानपणी बांधावरून चालत घरी गेलेल्या होत्या. त्याही म्हणत होत्या.

भाविकाचा हात खाली आला नाही. तिने मान वळवून नम्रता बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, सांगा तिला," ठाकूरसाहेब तक्त्यावरून डोळे न उचलता म्हणाले. "ही व्यक्ती ओळखीची आहे. कवायत इथे लागू नाही."

बाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. नऊ वर्षांत पाहुण्यांसमोर त्यांनी ते किती पोरांना म्हटलं असेल याचा हिशेब नव्हता: जा बाळा, असं करू नये. शेठच्या खिशातून पांढऱ्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. तो त्यांना अगदी स्वच्छ दिसला.

"भाविका," बाई म्हणाल्या. "पुढची पायरी."

"नाय," भाविका ओरडली. तालुक्याच्या कोणत्याही प्रात्यक्षिकात एवढ्या मोठ्याने कोणी ओरडलं नव्हतं. मग तिने तिसरी पायरी केली. स्टेजवरून उडी मारली, गळ्यात दाखले अडकवलेल्या पाच रांगा ओलांडल्या, दोरीखालून वाकून बाहेर गेली आणि काळ्या चष्म्याच्या, गोणपाटाच्या बाईला बिलगली. धोंडुबाईने गोण टाकली. सरपण उन्हात पसरलं.

मांडव पोट धरून हसत होता. अनोळखीलाच बिलगली की हो पोरगी. शेठही हसले, पण त्यांचे पसरलेले हात काही क्षण तसेच राहिले, आणि दोरीबाहेरचा शिवा तेवढा हसला नाही. ठाकूरसाहेबांनी 'उत्तीर्ण' खोडून 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि तक्ता बाईंपुढे सहीला धरला. बाईंनी ते खोडलं, भाविकाच्या नावापुढे पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि खाली ठसठशीत सही केली. पाकीट शेठच्या खिशातच राहिलं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी या वेळी 'स्थानिक अडचणी' असं लिहिलं नाही. काय ते नावानिशी लिहिलं, दोन पानं, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन दिली. कक्षाने कळवलं की सदर उत्तर विहित नमुन्यात नसल्याने परत पाठवण्यात येत आहे. तसेच विद्यार्थिनी भाविका हिला ओळखीची व अनोळखी व्यक्ती यांतला फरक समजत नसल्याने तिला विशेष मार्गदर्शनाची गरज असून ते दाखला क्रमांक एक यांनी द्यावे. पोलिसांनी चौकशी सुरू केली आहे. साक्षीला गावातून अजून फक्त गिरजाबाई गेली. बाकीच्यांचं म्हणणं असं, की एवढ्या वर्षांची ओळख आहे, कशाला वाईटपणा घ्यायचा.

भाविका आता रोज आजीबरोबर घरी जाते, उघडपणे, गावातून. व्हॅन सातांवरून तिघांवर आली आहे. का, ते कोणी बोलत नाही. नम्रता बाई अजून मिनिडोरला लटकतात आणि रोज शाळा सुटताना रजिस्टरमध्ये लिहितात: 'विद्यार्थिनीस अनोळखी व्यक्तीच्या ताब्यात सुखरूप दिले.' शाडूचा अनोळखी पावसात ओट्यावर राहिला. चष्मा, दाढी आणि गोणी गळून गेली. डोळे अजून आहेत.

त्या दिवशीचा व्हिडिओ मात्र लांब गेला. सत्तेचाळीस सेकंदांचा आहे, वर गंमतीचं संगीत चढवलेलं, 'कार्टी पाहुण्यालाच नाही म्हणते' असं खाली लिहिलेलं, आणि हसून डोळ्यात पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांच्या हजारो खुणा. तो तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल; तुम्ही कुणाला पुढे पाठवला असेल तर आता राहू द्या. फक्त एकदा संगीताकडे दुर्लक्ष करून ऐका. मागे एक आवाज स्पष्ट येतो: "जा गो, पाया पड. काका हायेत आपलं." तो नक्की कुणाचा, हे कक्षाला शोधून काढता आलेलं नाही. तुम्ही ऐकून बघा, ओळखीचा वाटतो का.